तीस पाउंडांचा रविवार

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडबद्दल कुणी लिहायला घेतलं की गाडी हमखास त्यांच्या सुरुवातीच्या म्होरक्यावर, सिड बॅरेटवर जाते. बरोबरच आहे म्हणा, ती गोष्टच तशी आहे, पण ती इतक्यांदा सांगून झालीय की आज मी त्या वाटेला जातच नाही. मला लिहायचंय एका बाईबद्दल. ती त्या बँडमध्ये नव्हती, तिला तो बँड फारसा आवडतही नव्हता, आणि तरी एका रविवारी संध्याकाळी तीन तासांच्या सेशनचे तीस पाउंड घेऊन तिने जे काही गाऊन ठेवलं ते गेली पन्नास वर्षं जगभरातले लोक दिवे बंद करून, हेडफोन लावून ऐकतायत. तिचं नाव क्लेअर टोरी. गाणं 'द ग्रेट गिग इन द स्काय', १९७३ सालच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमच्या पहिल्या बाजूवरचं शेवटचं.

गाण्यात शब्द नाहीत. म्हणजे मागे कुणीतरी एकदोन वाक्यं बोलताना ऐकू येतं, पण गायलेला शब्द एकही नाही, नुसता आवाज. आणि अल्बमवर या गाण्याचा कर्ता म्हणून तीसेक वर्षं एकच नाव छापून येत होतं, रिचर्ड राइट, बँडचा कीबोर्डवाला. आता मला सांगा, ज्यांनी हे गाणं ऐकलंय त्यांना गुणगुणायला सांगितलं तर ते काय गुणगुणतील? राइटच्या कॉर्ड्स, म्हणजे तीनचार सूर एकदम दाबून वाजवलेले? कॉर्ड्स कुणी गुणगुणतं का? सगळेजण त्या बाईचं ओरडणंच करून दाखवणार, वाईट करणार, पण तेच करणार.

तर थोडं मागे जाऊ. १९७२. इंग्लंडमध्ये प्रोग्रेसिव्ह रॉकला ऐन भरती होती, येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, इमर्सन लेक अँड पामर, जो तो वीस वीस मिनिटांची गाणी करतोय, रेकॉर्डची अख्खी बाजू एका गाण्याने भरतोय. पिंक फ्लॉइडनेही आदल्या वर्षी 'एकोज' नावाचं तेवीस मिनिटांचं प्रकरण करून ठेवलेलं. त्यानंतर बँडचा बास गिटारवाला रॉजर वॉटर्स याच्या डोक्यात आलं की आता सगळा अल्बमच एका विषयावर करायचा, माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टी एकेक करून घ्यायच्या, म्हणजे वेळ, पैसा, प्रवास, मरण वगैरे. आणि गंमत म्हणजे रेकॉर्ड करायच्या आधी ते हे सगळं स्टेजवर वाजवत फिरत होते. २० जानेवारी १९७२ ला ब्रायटनमध्ये पहिल्यांदा वाजवायला घेतलं आणि 'मनी'पर्यंत आल्यावर टेपने दगा दिला, थांबावं लागलं. आजकाल कुठला बँड न आलेला अल्बम वर्षभर लोकांना फुकट ऐकवत फिरेल असं वाटत नाही, दुसऱ्या दिवशी सगळा यूट्यूबवर असेल.

मरणाचा भाग राइटच्या वाट्याला आला होता. तेव्हा तो भाग ऑर्गनवर होता, आणि त्यावर गाणं नव्हतंच, बायबलमधल्या उताऱ्यांच्या टेप्स चालवायचे आणि मधेमधे माल्कम मगरिजच्या बोलण्याचे तुकडे. मगरिज म्हणजे तेव्हाचा इंग्लंडमधला प्रसिद्ध पत्रकार, उतारवयात एकदम धार्मिक आणि नीतिमान झालेला, मदर तेरेसांवर बीबीसीसाठी फिल्म करून त्यांचं नाव जगभर नेणारा तोच. बँडने त्याला आदराने घेतला नव्हता हे सांगायला नको. या तुकड्याचं कामचलाऊ नाव 'रिलिजन सेक्शन' किंवा 'मॉर्टॅलिटी सीक्वेन्स' असलं काहीतरी होतं. मी त्या काळातल्या कॉन्सर्टची रेकॉर्डिंग्ज ऐकलीयेत. खरं सांगायचं तर कंटाळा येतो. चर्चमध्ये उशिरा पोचल्यासारखं वाटतं.

ॲबी रोड स्टुडिओत काम सुरू झाल्यावर हळूहळू ऑर्गनच्या जागी पियानो आला आणि तिथे मात्र राइटने कमाल केली. हा माणूस मुळात जॅझचा. त्याच अल्बममधल्या 'ब्रीद'मधली एक कॉर्ड आपण माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'वरून उचलली असं त्याने स्वतःच सांगितलंय. 'ग्रेट गिग'चा पियानोही तसाच, बी मायनरवर सुरू होतो आणि मग एकेक पायरी चाचपत अशा ठिकाणी उतरतो की मूळ घर कुठलं होतं तेच विसरायला होतं, आणि शेवटी जी मायनर आणि सी या दोन कॉर्ड्सवर येऊन झुलत राहतो. मागे बँडचा गिटारवाला डेव्हिड गिल्मोर याची पेडल स्टील गिटार. इतकं सगळं झालं, आणि वर काय ठेवायचं तेच कुणाला सुचेना. अंतराळवीरांच्या नासाशी चाललेल्या बोलण्याच्या टेप्सही लावून बघितल्या म्हणे. जमलं नाही. बरंच झालं, नाहीतर आज ते गाणं सायन्स सेंटरमधल्या तारांगणात वाजत असतं.

एखाद्या बाईचा आवाज घालून बघू असं ठरलं तेव्हा साउंड इंजिनियर ॲलन पार्सन्सने क्लेअर टोरीचं नाव सुचवलं. पार्सन्स तेव्हा चोवीस वर्षांचा, ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा पगारी नोकर, बीटल्सच्या शेवटच्या दिवसांत तिथेच टेप लावायला वगैरे असायचा. हा अल्बम करताना आपल्याला आठवड्याला ३५ पाउंड मिळायचे असं त्याने नंतर सांगितलंय, हा आकडा लक्षात ठेवा. टोरी पंचवीस वर्षांची. ईएमआयमध्ये ती गाणी लिहायला आली होती आणि जोडीला सेशन सिंगर म्हणून मिळेल ते गायची, म्हणजे चालू हिट गाण्यांच्या स्वस्तातल्या कव्हर रेकॉर्ड्स निघायच्या ना, तसलं. त्यातलंच तिचं काहीतरी पार्सन्सच्या कानात राहिलं होतं.

तिला निरोप गेला तेव्हा तिने काही उड्या मारल्या नाहीत. तिची बाकीची कामं होती, आणि शनिवारी तर चक बेरीच्या कार्यक्रमाची तिकिटं काढलेली, ती टाकून पिंक फ्लॉइडसाठी कोण जाणार. किंक्स हा बँड असता तर हरखून गेले असते, असं ती नंतर म्हणाली. तर ठरलं रविवारचं, २१ जानेवारी १९७३, संध्याकाळी सात ते दहा. रविवार म्हणून पैसे दुप्पट, पंधराचे तीस.

पुढचे तीन तास मला फार आवडतात, म्हणजे मी तिथे नव्हते हे उघडच आहे पण टोरीने आणि बाकीच्यांनी ते इतक्या वेळा सांगितलंय की आपणही काचेमागे बसून बघत होतो असं वाटायला लागतं. ती आली, त्यांनी तिला अल्बम कशाबद्दल आहे ते सांगितलं, जन्म, मरण, मधलं सगळं, ट्रॅक ऐकवला. बरं मग मी गायचं काय? ते कुणालाच माहीत नव्हतं. लिहिलेली सुरावट नाही, शब्द नाहीत, असं गा तसं गा असं सांगणारा कुणी नाही, थोडंफार बोलत होता तो गिल्मोर. तिने मग कुठलीही सेशन सिंगर करेल तेच केलं, ट्रॅक सुरू झाल्यावर 'ऊ, बेबी, बेबी, येह येह' चालू केलं. लगेच थांबवलं. नको नको, शब्द नकोत.

आता बेबी-येह हे शब्द आहेत का हा वेगळा वाद. पण ते काढून घेतल्यावर तिच्या हातात राहिलं काय? सेशन सिंगरची सगळी पेटीच काढून घेतली ना तिची. आणि तेव्हा तिने मनाशी ठरवलं की आपण गायिका नाहीच आहोत असं समजू, आपण एक वाद्य आहोत असं समजू. माझ्या मते गाणं जन्माला आलं ते इथे, राइटच्या पियानोपाशी नाही. हेडफोन मोठे केले, डोळे मिटले आणि सुरू झाली.

एक टेक झाला. दुसरा झाला. तिसरा अर्ध्यावर आला तेव्हा तिनेच थांबवला, कारण आता आपण आपलीच नक्कल करायला लागलोय असं तिला वाटलं. हे वाचल्यावर मी फोन बाजूला ठेवला होता. लहानपणी मला चारपाच वर्षं गाण्याच्या क्लासला घातलं होतं, आमच्या बाई काही फार मोठ्या गायिका नव्हत्या पण त्यांचं एक वाक्य होतं की तीच जागा परत आली की गाणं संपलं, पुढे नुसती हजेरी. मोठमोठ्या लोकांना हे कळत नाही, कळलं तरी थांबता येत नाही, आणि ही पंचवीस वर्षांची मुलगी, समोर एवढा मोठा बँड, तासाचे पैसे ठरलेले, ती म्हणते पुरे, माझं झालं. बाहेर येऊन वर सॉरी म्हणाली. म्हणजे तिला खरोखर वाटत होतं की आपण काहीतरी भलतंच करून ठेवलं. आतले सगळे गार झाले होते असं राइट नंतर सांगायचा, पण गार झालेल्यांपैकी कुणी तिला तसं धड बोलून दाखवलं नाही. इंग्लिश माणसं, कौतुक करायचं म्हणजे त्यांना कसंतरीच होतं. ती घरी गेली ती हे मांजरासारखं कोकलणं काही रेकॉर्डवर यायचं नाही असं समजूनच.

रेकॉर्डवर आपण ऐकतो ते या अडीच टेकमधलं निवडून जोडलेलं आहे. हे सांगणं महत्त्वाचं आहे कारण याचा पुढे संबंध येणार आहे.

मी पहिल्यांदा ऐकलं ते होस्टेलवर, कुणाच्या तरी कुणाकडून कॉपी झालेल्या कॅसेटवर, इतक्या वेळा कॉपी झालेली की मागे पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. तेव्हा वाटलं होतं ही बाई रडतेय. नंतर पुष्कळ वर्षं वाटायचं भांडतेय, कुणाशी तरी कडाकडा भांडतेय, आणि मग मधे तो भाग येतो ना जिथे सगळं एकदम खाली जातं, फक्त पियानो आणि ती, जवळजवळ कुजबुज, तेव्हा वाटायचं की समोरचा निघून गेलाय आणि ही एकटीच बोलतेय. मुलगी झाल्यानंतर एकदा ऐकलं तेव्हा मला बाळंतपण आठवलं, नवऱ्याला सांगितलं तर तो हसला, हसू दे. मरणावरचं गाणं आहे हे सगळे सांगतात, पण तिला तर तेव्हा जन्म-मरण दोन्ही सांगितलेलं, आणि तिने नक्की काय डोक्यात धरून गायलं हे त्या आवाजावरून कुणी छातीठोक सांगू शकत नाही. शब्द नसण्याचा एवढा तरी फायदा.

आणि ते बोललेले आवाज. वॉटर्सने एक मजेशीर उद्योग केला होता, कार्डांवर प्रश्न लिहिले आणि स्टुडिओत जो सापडेल त्याला बसवून उत्तरं रेकॉर्ड केली. शेवटचे कधी हिंसक झाला होतात, मरणाची भीती वाटते का, असले प्रश्न. शेजारच्या स्टुडिओतून पॉल मॅकार्टनी आणि लिंडा मॅकार्टनी यांनाही विचारलं, पण ते फार सांभाळून बोलले म्हणून त्यांचं घेतलंच नाही, बीटल्सचा माणूस कापला! आणि घेतलं कुणाचं, तर ॲबी रोडचा आयरिश दरवान, जेरी ओ'ड्रिस्कॉल. या गाण्याच्या सुरुवातीला तोच सांगतो की मरायला मी घाबरत नाही, कधीही येऊ दे, का घाबरायचं, कधीतरी जायचंच आहे. इतक्या सहज सांगतो जसं काही संध्याकाळची पाळी संपवून घरी जायचंय. मग मधे कुठेतरी एका बाईचा पुसट आवाज येतो, मी घाबरते असं कधी म्हटलंच नाही, अशा अर्थाचं. ती बँडच्या रोड मॅनेजरची, पीटर वॉट्सची बायको. (नेओमी वॉट्स ही नटी या पीटरची मुलगी, पण आई वेगळी.) पुष्कळ लोकांना हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकूच आलेलं नसतं. मलाही नव्हतं, त्या पावसाच्या कॅसेटवर येणार कसं.

अल्बम आला मार्च १९७३ ला. टोरीला ते कळलं दुकानात, रेकॉर्ड समोर दिसली, उघडून बघते तर आत आपलं नाव. तोपर्यंत तिला कुणी कळवलंही नव्हतं की तुझं गाणं ठेवलंय. आणि मग तो अल्बम जो काही चालला, चालला म्हणजे किती, तर अमेरिकेच्या बिलबोर्डच्या यादीत १९८८ पर्यंत एकूण ७४१ आठवडे. चौदा वर्षांहून जास्त. खप साडेचार कोटींच्या पुढे धरतात. प्लेट असेल तर आणखी एक गंमत बघा, टोरीचा आवाज विरत विरत पहिली बाजू संपते, आपण उठतो, पलटतो, सुई ठेवतो, आणि दुसऱ्या बाजूला पहिला आवाज कसला? गल्ल्याचा. खणखण नाणी, फाटणारी पावती, 'मनी'. मुद्दाम केलेलं नाही, पण एवढं नेमकं मुद्दामही जमलं नसतं.

टोरी तिची कामं करत राहिली. सत्तरीच्या शेवटी बीबीसीवर 'बटरफ्लाइज' नावाची मालिका लागायची तिचं शीर्षकगीत तिचं आहे, गोड, नाजूक, ऐकून विश्वास बसणार नाही की हीच ती. मधे कधीतरी 'ग्रेट गिग' एका वेदनाशामक गोळीच्या जाहिरातीसाठी नव्याने रेकॉर्ड झालं तेव्हाही गायला तीच. मरणाचं गाणं डोकेदुखीवर, असो.

आणि २००४ मध्ये तिने दावा लावला, पिंक फ्लॉइडवर आणि ईएमआयवर. म्हणणं सरळ होतं: मी फक्त गायले नाही, त्यातली सुरावट मी केली, म्हणून मी राइटबरोबरची सहकर्ती आहे. २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, आकडा बाहेर आला नाही, पण त्यानंतर निघालेल्या प्रतींवर राइटच्या नावाबरोबर येतं, व्होकल कॉम्पोझिशन क्लेअर टोरी.

यावर रॉकवाल्या मित्रांशी मी बरेच वाद घातलेत. त्यांचं म्हणणं असं की बाई सेशनला आली, ठरलेले पैसे घेतले, विषय संपला, अल्बम पडला असता तर तीस पाउंड परत दिले असते का? मुद्दा बिनतोड वाटतो. पण मग याच न्यायाने राइटनेही अल्बमसाठी कॉर्ड्स दिल्या, त्याला का जन्मभर रॉयल्टी? कारण तो बँडमध्ये होता म्हणून, बाकी कशाने नाही. तिकडच्या हिशोबात गाणं म्हणजे कागदावर उतरेल ते, बाकी सगळी मजुरी. आपल्याकडे ख्याल ऐकणाऱ्याला हा हिशोब विचित्रच वाटेल. बंदिश असते चार ओळींची, कुणा सदारंगाची, अठराव्या शतकातली, आणि पुढचा पाऊण तास असतो गाणाऱ्याचा. किशोरीताईंनी जुन्या बंदिशीवर केलेली बढत ऐकून, वा, सदारंगाने काय आलाप बांधलाय, असं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

अर्थात आपण फार ताठ मानेने बोलावं असंही नाही. साठच्या दशकात लताबाई गायकांना रॉयल्टी हवी म्हणून अडून बसल्या होत्या आणि रफीसाहेबांचं म्हणणं की पैसे घेतले, गायलो, संपलं, त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं बंद केलं होतं. म्हणजे माझ्या मित्रांची बाजू रफीसाहेबांची आहे, आता काय बोलणार. त्या काळातल्या मुंबईतल्या गोव्याच्या वादकांचं आणि अरेंजरांचं तर विचारूच नका, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझांनी केवढं काम केलंय, व्हायोलिन्सचे ते थवेच्या थवे कुणी लिहिले, तर नाव कुठे सापडलं तर बारीक अक्षरात. अँथनी गोन्साल्विस हे नाव लोकांना पाठ आहे ते सिनेमातल्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या माणसाचं म्हणून, प्यारेलालांचे गुरू म्हणून नाही. आपल्या कायद्यात गायकांच्या हक्काचं काही धड आलं तेच २०१२ च्या दुरुस्तीत.

इंग्लंडमध्ये टोरीचं प्रकरण मिटलं त्याच वर्षी तसाच आणखी एक दावा उभा राहिला, तो मात्र शेवटपर्यंत गेला. प्रोकोल हॅरम या बँडचं १९६७ चं 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल', त्यातला तो बाखच्या वळणाचा हॅमंड ऑर्गन मॅथ्यू फिशरने बसवलेला, नाव मात्र गॅरी ब्रूकर आणि गीतकार कीथ रीड यांचं. फिशरने २००५ मध्ये कोर्ट गाठलं, २००६ मध्ये सुरावटीत ४० टक्के वाटा मिळाला, २००८ मध्ये अपिलात पैशाचा भाग गेला, आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वात वरच्या कोर्टाने, तो परत दिला. अडतीस वर्षं गप्प बसलास म्हणून हक्क गेला असं होत नाही, असा निकाल. टोरीने तडजोड केली म्हणून तिच्या गाण्याबद्दल असा निकाल कधी आलाच नाही. मला याची चुटपुट आहे. तिचं भलं झालं, पण एका उत्स्फूर्त गायलेल्या आवाजाबद्दल न्यायाधीश काय म्हणाला असता ते ऐकायचं राहिलं.

बरं, दुसरी बाजूही सांगते कारण ती खोटी नाही. अडीच टेकमधलं कुठलं ठेवायचं हे तिने ठरवलं नाही. ते ओरडणं कुठे संपावं आणि कुजबुज कुठे सुरू व्हावी हे कात्री धरणाऱ्यांनी ठरवलं, आणि गाण्याचा जो आकार आपल्याला पाठ आहे त्यात त्या कात्रीचाही वाटा आहे. पार्सन्सला ना तीस पाउंड वेगळे, ना रॉयल्टी, आठवड्याचे ३५ आणि ग्रॅमीचं नामांकन. त्याने दावा लावला असता तर मी काय म्हणाले असते? माहीत नाही बुवा.

आणि राइट. त्याला या गोष्टीत खलनायक करायचा मोह होतो, पण त्याचं पुढे काय झालं ते बघा. 'द वॉल' या अल्बमच्या वेळी, १९७९ मध्ये, वॉटर्सने त्याला बँडमधून बाहेर काढलं, आणि मग १९८०-८१ च्या 'द वॉल'च्या प्रचंड कार्यक्रमांमध्ये तो वाजवायला होता तो पगारावर. म्हणजे ज्या गाण्याचा मालक म्हणून तीस वर्षं याचं एकट्याचं नाव, तो आपल्याच बँडमध्ये सेशनचा माणूस झाला. पण नशीब बघा, त्या कार्यक्रमांचा खर्च एवढा की बाकी तिघांना खड्ड्यात घालून गेला आणि फायद्यात राहिला तो एकटा पगारी राइट. पुढे त्याला परत घेतलं. २००८ च्या सप्टेंबरमध्ये तो कॅन्सरने गेला.

वाद घालायची माझी आवडती जागा मात्र कोर्टात नाही, स्टेजवर आहे. अल्बम आल्यावर हे गाणं कॉन्सर्टमध्ये कुणीतरी गायला हवं. टोरी स्वतः १९७३ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये गायली. ७४-७५ मध्ये व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लेना विल्यम्स, दोघी मिळून. १९९४ च्या दौऱ्यात तर तिघी, सॅम ब्राउन, दुर्गा मॅकब्रूम आणि क्लॉडिया फाँटेन, गाण्याचे तीन तुकडे करून एकेकीने एकेक घेतलेला, कारण एका बाईने रोज रात्री ते सगळं करायचं म्हणजे गळ्याचं मातेरं. आणि २००७ च्या फेब्रुवारीत वॉटर्स मुंबईत एमएमआरडीए मैदानावर 'डार्क साइड' पूर्ण वाजवून गेला तेव्हा कॅरल केन्यन. मी होते तिथे, धुळीत, पाय मोडेस्तोवर उभी. केन्यन सुरू झाली आणि माझ्या आजूबाजूची सगळी मंडळी, बरीचशी आयटीतली, दाढ्या वाढवलेली, पुढची प्रत्येक जागा यायच्या आधीच मान वर करून तयार. आता ती चढणार, आता ती थांबणार, आता ते खाली येणार. केन्यनने एक जागा थोडी वेगळी घेतली तर माझ्या शेजारचा चक्क अं अं म्हणाला!

म्हणजे काय झालं बघा. रविवारी रात्री डोळे मिटून जे मनाला येईल ते गायलेलं, ते आता बायका बसून पाठ करतात, सूर न् सूर, श्वास न् श्वास, आणि चुकलं तर मुंबईतला माणूस अं अं म्हणतो. जे पाठ करावं लागतं, ज्यात चूक निघू शकते, ती रचना नाही तर काय आहे? १९९० मध्ये नेबवर्थला टोरी पुन्हा पिंक फ्लॉइडबरोबर गायली तेव्हा तिलाही तेच गायला लागलं, स्वतःचंच, सतरा वर्षांपूर्वीचं. ती काहीतरी नवीनच गायली असती तर लोकांनी ऐकून घेतलं असतं असं मला वाटत नाही.

आणि ज्यांना अजूनही कॉर्ड्स म्हणजेच गाणं वाटतं त्यांच्यासाठी वॉटर्सनेच २०२३ मध्ये सोय करून ठेवलीय. ऐंशीला आलेल्या त्या गृहस्थाने सगळा 'डार्क साइड' बँडच्या बाकीच्यांना न घेता नव्याने रेकॉर्ड केला, 'रीडक्स' म्हणून. त्यातल्या 'ग्रेट गिग'मध्ये तो बोलतो. एका कवीच्या शेवटच्या दिवसांबद्दल, त्याच्या मदतनीस बाईकडून आलेल्या पत्राबद्दल, खोल, खरखरीत आवाजात, सावकाश. पन्नास वर्षांपूर्वी त्या मुलीला शब्द नकोत सांगणाऱ्या बँडच्या माणसाने शेवटी शब्द घातलेच. वाईट आहे असं म्हणणार नाही, म्हाताऱ्या माणसाने मरणाबद्दल बोलावं त्यात गैर काय, आणि राइटच्या कॉर्ड्सही तिथे आहेत, व्यवस्थित ऐकू येतात. मी दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा अर्ध्यावर जुनं लावलं.